मांडवीच्या गल्लीतली खानावळ

आबा, रत्नागिरीला कसं जायचं असं कुणी विचारलं की मी आजही आपल्या दारापासून सुरुवात करतो. नांद्यातून पौडला निघा, ताम्हिणी उतरा, माणगावला हायवेला लागा, चिपळूण मागे टाका आणि हातखंब्याला उजवीकडे वळा. विचारणारे बहुतेक आपले भाडेकरूच असतात. तुम्ही इंद्रायणी भात लावायचात त्या खाचरात आता खोल्या आहेत, आणि खोल्यांत वाशीम, नांदेड, जळगावकडची पोरं राहतात, हिंजवडीला कामाला जातात. शुक्रवार आला की दाराशी उभी. "काका, वीकेंडला रत्नागिरी करतोय, काय काय बघू?" रत्नागिरी 'करत' नाहीत, रत्नागिरीला जातात, हे मी आधी सांगतो. मग बाकीचं. थिबा राजवाडा सकाळी बघा, सोमवारी जाऊ नका, बंद असतो. राजा ब्रह्मदेशाचा, इंग्रजांनी आणून ठेवलेला, इथेच वारला. तेव्हा आतल्या वस्तू बघून झाल्या की थिबा पॉइंटावर जाऊन खाडीकडे तोंड करून जरा उभे राहा, म्हणजे परमुलखातल्या माणसाला रोज काय दिसत असेल ते कळेल. रत्नदुर्गावर ऊन कलल्यावर चढा. ज्या हॉटेलाच्या पाटीवर मासा मोठा, तिथे ताटात लहान. सुरमई सगळेच मागतात, म्हणून ती फ्रीजमधली निघते, बांगडा मागा. मासे न खाणाऱ्यांनी कुळथाची पिठी आणि भात खावा आणि आपलं काही हुकलं असं मनात आणू नये. शाळा नववीत सुटली माझी, पण रत्नागिरी मी वाचून, जाऊन, पडताळून मिळवलेली आहे. तिच्यातली एक जागा सोडली तर. ती तुम्ही दिलीत.

मांडवीच्या किनाऱ्याअलीकडच्या गल्लीतली ती खानावळ मी सगळ्यांना सांगतो, पण 'होती' म्हणून सांगतो. ट्रकने खाली कोकणात कांदे उतरवायचे, वर येताना आंब्याच्या पेट्या भरायच्या, आणि पेट्या भरून होईपर्यंत तुम्ही तिथे बसायचात, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. मला एकदाच ट्रकमधून नेलंत. एका खोलीची खानावळ, चुलीशी एक जाडजूड बाई, आणि परातीत रव्यात घोळलेले बांगडे. मी तोंडात घास असताना काहीतरी विचारलं तर तुम्ही पाठीत धपाटा घातलात. "मासा खाताना बोलायचं न्हाई. काटा ऐकत असतो." जेवण झाल्यावर मी वाळूत पळायला निघालो तेव्हा दंड धरलात. "थांब. फुगवटा हाय आत्ता. उतरला की जा."

ती बाई पदर तोंडाला लावून हसली होती. "अहो ड्रायव्हरसाहेब, भरती म्हणतात तिला. फुगवटा कसला?"

"तुमची भरती. आमच्याकडं फुगवटाच," तुम्ही म्हणालात. "पाणी चढतंय, आत शिरतंय, गावं गिळतंय. मग नाव काय बी ठिवा."

शाळेत शिकवलेलं दाखवायची मला तेव्हाही खोड. "आबा, मास्तर पण भरतीच म्हणत्यात." तुम्ही म्हणालात, "मास्तराला पवता येतंय का?" आणि विषय संपला. तुमच्या आईचं, आजीचं, माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं हे मला माहीत होतं. धरण भरलं की पाणी मागे ओढ्यानाल्यांत चढतं त्याला आपण फुगवटा म्हणतो, आणि तुमच्या लेखी जगातलं सगळं चढणारं पाणी त्याच धरणाचं होतं, हे कळायला मात्र मला पुढे बरीच वर्षं लागली. समुद्राला फुगवटा म्हणणारा माणूस मी तुमच्याखेरीज पाहिलेला नाही. किनाऱ्यावरचा माणूस म्हणणार नाही आणि धरणावरचा तिथे जाऊन बसणार नाही.

तुम्ही गेलात ते घरात, खाटेवर. मुळा नदीच्या काठी अग्नी मीच दिला. ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं लिहिताना ती मला समोर असलेली बरी.

खानावळ तुमच्यानंतर लवकरच बंद पडली. बाई वारली, मुलं मुंबईला गेली. मी दरवेळी गल्लीत जाऊन बघून येतो. दाराला कुलूप, चौकटीच्या वर भिंतीतून उंबर फुटलेला, कौलं आत कोसळलेली. हे सगळं मी भाडेकरूंना सांगतो, म्हणजे कुणी उगाच शोधत बसू नये.

दिवाळीनंतर वरच्या खोलीतलं जोडपं जाऊन आलं. वाशीमकडची दोघं, नवं लग्न. रविवारी संध्याकाळी पिशवीभर कोकम घेऊन ओट्यावर आली. आई तांदूळ निवडत बसली होती. मी पायरीवर.

"काका, तुम्ही पण ना," मुलगी म्हणाली. "बंद आहे म्हणालात. चांगली चालू आहे की!"

"काय चालू आहे?"

"तुमची ती मांडवीची मेस. बांगडा तर असला भारी होता, याने चार खाल्ले."

"तीन," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, तुम्ही दुसरीकडे शिरला असाल. तिने गल्ली बरोबर सांगितली. दारावरचा उंबर सांगितला. मी विचारलं, बसायला काय होतं, पाणी कुठे होतं, चूल कुठल्या हाताला. वकिलासारखं विचारलं, आबा. ती हसत हसत सांगत गेली आणि एकाही उत्तरात चुकली नाही. फोटो मागितला तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. काढायचं सुचलंच नव्हतं. ही पोरं टपरीवरच्या चहाचा फोटो काढतात.

"आणि कोण होतं तिथे?"

"स्वयंपाकाला एक मावशी होत्या. आणि कोपऱ्यात एक आजोबा. लई मजेशीर. आम्ही बीचवर निघालो तर उठूच देईनात. म्हणे, बसा, फुगवटा उतरू द्या. मला कळेचना फुगवटा काय असतो."

"लोकल वर्ड असेल," नवरा म्हणाला. "काका, रत्नागिरीत भरतीला फुगवटा म्हणतात का?"

मी नाही म्हणालो. 

"आम्ही नांद्याहून आलो म्हटल्यावर एवढे खूश झाले," मुलगी सांगत होती. "म्हणाले, म्हातारी कशी हाय? तिला का न्हाई आणली? पुढच्या खेपंला आणा. म्हणजे आपल्या या आजींबद्दलच विचारत होते ना? तुमची ओळख आहे वाटतं तिथे."

आईचा हात सुपात थांबला. तुम्हाला ठाऊक आहे, पुढच्या खेपेला नेतो हे तुम्ही तिला दर आंब्याच्या हंगामात म्हणायचात. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. ती वर न बघता म्हणाली, "कवा जायाचं?"

दुसऱ्याच आठवड्यात मी एकटा गेलो. भर दुपारी. कुलूप होतं, गंजलेलं, हातात धरलं तर तांबडी भुकटी बोटांना लागली. फटीतून कौलांचा ढीग दिसला आणि त्यावर उगवलेलं गवत. तिथे उन्हात मी उभा राहिलो, हाकही मारली. शेजारची एक बाई धुणं वाळत घालत होती, ती म्हणाली, "कोण हवंय? तिथे कोणी राहत नाही." मी तिला थँक्यू म्हणालो. मग वाऱ्याबरोबर तव्यावरच्या बांगड्याचा वास आला. शेजारणीच्या घरातून आला असेल. तिची चूल विझलेली होती का हे मी वळून पाहिलं नाही. सगळं पडताळून घेणारा माणूस मी, पण तेवढं पाहिलं नाही.

तेव्हापासून मी आईला टाळतो आहे. ताम्हिणीत दरड आली म्हणालो. "मग वरंध्यानं न्हे," ती म्हणाली. डॉक्टर प्रवास नको म्हणतात म्हणालो. "डाक्टरनं कवा आपल्या आईला कुटं न्हेलंय का? मग त्याला काय कळतंय?" तुमची सून म्हणते, न्या की एकदा, समुद्रच तर बघायचा आहे म्हातारीला. तिला मी काय सांगू? समुद्राची भीती नाही. मला भीती आहे ती दाराची. ते कुलूप आईच्या हाताला निघेल, ती आत जाऊन तुमच्याशेजारी टेकेल, बाई ताट वाढेल, आणि एकदा बसल्यावर तुम्ही तिला उठू द्याल का, याची.

उद्या पहाटेच निघतो आहोत. गाडी सांगितली आहे. तिच्यासाठी मी वेगळी रत्नागिरी आखली. राजवाडा खालूनच बघायचा, जिना नको. भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी थेट वाळूपर्यंत जाते, तिथे तिला पाय भिजवू द्यायचे. सुरमईबद्दलचं माझं मत मी तिच्यापुरतं मागे घेतलं आहे. सुरमईतले काटे वेचायला सोपे. उकडीचे मोदक मिळतात ते घर ठरवून ठेवलं आहे, त्यांना मऊ करा म्हणून सांगितलंही आहे. मांडवी त्यात नाही. आज दुपारी तिला हे सगळं ओळीने ऐकवलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं हाय. ते समदं तू अन् सूनबाई बघा. मला गल्लीच्या तोंडाशी उतरव."

"कुठली गल्ली, आई?"

"तुला न्हाई घेतलं आत, म्हणून मला बी न्हाई घेणार व्हय?"

मी गेलो होतो हे मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती मात्र ठेवणीतलं लुगडं घडी मोडून उन्हात टाकत होती, आणि मी काही विचारावं असा तिचा चेहरा नव्हता.

तर आबा, हे लिहिलं, पण ते कुठे टाकायचं? त्या दाराच्या फटीतून सरकवता येईल, पण मी ते करणार नाही. हा कागद इथेच राहील. उद्या ओहोटी दुपारची आहे, मी बघून ठेवलं आहे. आईला ओहोटीच्याच सुमाराला तिथे सोडीन, म्हणजे तिला अडवून ठेवायला तुमच्याकडे कारण उरणार नाही. तिला जेवू घाला, काय बोलायचं ते बोला, आणि उजेड आहे तोवर बाहेर पाठवा. मी गल्लीच्या तोंडाशी उभा असेन.

तिला परत पाठवाल की नाही या धास्तीने मला झोप नाही, असं मी गेले काही आठवडे स्वतःला सांगतो आहे. ते खरंच आहे. पण वाशीमच्या पोरांना तुम्ही आत घेतलंत, त्यांना पोटभर जेवू घातलंत, आणि मी बाहेर उन्हात हाक मारत उभा होतो तेव्हा ओ दिली नाहीत, याचं मला त्याहून जास्त लागलं आहे.