बारा पत्त्यांना नवी कव्हरं

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. (आज खरोखरच साष्टांग, कारण काम आहे.)

तुझ्या माळ्यावर माझा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात माझे खेळाचे पत्ते आहेत. जुगाराचे नव्हेत, हे मी चौदा वर्षांपूर्वीही घसा कोरडा करून सांगत होतो. हे चित्रांचे, प्राण्यांचे आणि योद्ध्यांचे. त्यातून साठ निवडून गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या साठांशी लढायचं. इथल्या सभागृहात नऊ फेब्रुवारीला खास जुन्या पत्त्यांची स्पर्धा आहे. मी नाव दिलंय. म्हणजे तुझ्या भावजयीनेच दिलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून मी घरी येतो आणि भिंतीकडे बघत बसतो, त्यापेक्षा पत्त्यांकडे बघ म्हणाली.

डब्यात वरच एक चिठ्ठी आहे, कोणते साठ घ्यायचे त्याची. त्यातल्या बारांपुढे फुली आहे. ते बारा जिवापाड जप.

आणि हो, तिथला पंच लंबू आहे. मी काही त्याची माफीबिफी मागायला जात नाहीये. खेळायला जातोय.

दाजींना नमस्कार. डबा लवकर निघाला तर लोभ आपोआप वाढेल.

तुझा,
धाकटा

---

ता. २५ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. चौदा वर्षांनी डब्याची आठवण झाली, त्या निमित्ताने बहिणीचीही झाली, हे माझं भाग्य. ह्यांनी कंबर धरून माळ्यावरून डबा काढला. तुझा नमस्कार त्यांनी त्याच अवस्थेत स्वीकारला.

लंबू म्हणजे तोच ना, जो आपल्या घरी तुझ्या ताटाला ताट लावून जेवायचा, आणि ज्याला तू भर सभागृहात लबाड म्हणालास? सलग तीनदा त्याला हवा तोच पत्ता लागला, एवढाच त्याचा गुन्हा. पुरावा कोणता, तर तू हरलास. मग पाय आपटत निघून आलास. खेळही सोडलास आणि मित्रही. देव कुणाला सलग तीन सुखं देतो, त्यालाही एकदा हात धरून जाब विचार. आता म्हणतोस माफी मागायला जात नाही. तुझं नाक मी पुसत असल्यापासून तुला ओळखते, तू त्याचसाठी जातोयस. लोकांच्या तोंडात बत्तीस दात नीट बसवतोस, तुझ्या तोंडातून दोन शब्द नीट निघायला काय हरकत आहे?

पत्त्यांबद्दल काळजी नको. त्यांच्यावरची मागून काळी असलेली प्लास्टिकची कव्हरं विटून राखाडी झाली होती. दुसरी कुणी असती तर फेकून मोकळी झाली असती. मी साबणाच्या पाण्यात घालून, पुसून, पंख्याखाली वाळवली. बारा मात्र फाटली. मग त्याच मापाचं एक पाकीट आणलं आणि तुझ्या फुलीच्या बारा मानकऱ्यांना नवी कव्हरं चढवली. बाकीच्या अठ्ठेचाळीस जणांना धुतलेली. घरात पाहुण्याला नवी चादर आणि आपल्याला जुनी, तोच हिशोब. उरलेली कव्हरं ठेवून दिली आहेत. तुला पुढची आठवण होईल तेव्हा लागतील.

देवापुढे दिवा लावताना तुझं नाव घेते. जिंकण्यासाठी नाही, जिभेसाठी.

लोभ भरपूर आहे, आधी आहे तो वापर.

तुझी,
ताई

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. तू माझ्यावर अतोनात प्रेम केलंस, आणि त्यात मी बुडालो.

डबा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पोचला. बारा नवी कव्हरं मी पाहिली. तुझ्या हातची म्हणून कौतुकच वाटलं. चौदा वर्षांत अक्कल किती गंजते ते बघ. पहिल्या दोन फेऱ्या जिंकलो. सगळ्यांनी मला काका म्हणून मान दिला आणि मी काकाला शोभेल असा फुगलो. तिसऱ्या फेरीत समोर एक नर्सबाई होती, ड्यूटीवरून थेट आलेली. थोड्या वेळाने तिने अगदी शांतपणे विचारलं की तुमचे काही पत्ते पाठीमागून चमकतात, हे तुम्हाला माहीत आहे का. आणि हात वर करून पंचाला बोलावलं.

लंबू आला. केस निम्मे गेलेत, उंची तेवढीच आहे. त्याने माझे साठही पत्ते पालथे मांडले आणि चमकणारे बारा, तोंड न बघता, बाजूला ओढले. मग उलटले. फुलीचे बारा! जो पत्ता ओढायच्या आधी पाठीवरून ओळखू येतो, तो खूण केलेला पत्ता, आणि खूण करणं ही या खेळातली सर्वांत मोठी लबाडी. जशा नजरांपुढे मी एकदा या सभागृहात लंबूला उभं केलं होतं, तशाच नजरांपुढे मी उभा होतो. तो एवढंच म्हणाला की समितीला अहवाल देतो, निकाल तीन आठवड्यांत फळ्यावर लागेल. निष्काळजीपणा ठरला तर ती फेरी बाद. लबाडी ठरली तर नाव कायमचं काट.

खरं सांगतो, तू ओळखलं होतंस. माफी मागायचं ठरवूनच गेलो होतो, खेळ संपल्यावर. आता मागितली तर निकालासाठी लोणी लावतोय असं दिसेल. नाही मागितली तर चौदाची पंधरा वर्षं होतील.

आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून तुला काही बोलत नाही. लोभ आहे तिथेच राहू दे, कृपा करून त्याला धुऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

ता. १४ फेब्रुवारी

चि. लंबूस (सभागृहाच्या पंचांस म्हणायला हवं, पण तू सांडलेल्या आमटीचा डाग मी काढलेला आहे),

अनेक आशीर्वाद. मी धाकट्याची ताई. हे पत्र मी त्याला न विचारता लिहिते आहे.

नवी कव्हरं मी घातली. बारा फाटली, म्हणून बाराच बदलली, आणि फुली होती म्हणून त्याच बारांना. साठही बदलायची ऐपत नव्हती असं नाही. धडकी वस्तू टाकायची मला सवय नाही, आणि पत्त्याला पाठ असते आणि ती कुणी बघतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. देवाची शपथ घालत नाही. कव्हरांच्या भानगडीत त्याला कशाला ओढायचं? जे झालं ते लिहिलं.

भावासाठी दया मागत नाही. तो किती गुणी आहे ते आपण दोघंही जाणतो. त्याने तुझ्यावर आळ घेतला तेव्हा त्याच्याकडे पुरावा शून्य होता. तुझ्याकडे टेबलावर मांडलेला आहे. तुला जे खरं दिसेल तेच लिही, आणि माझा भाऊ आहे म्हणून एक अक्षरही कमी करू नकोस.

इतकी वर्षं तुझी विचारपूस केली नाही, ती चूक मात्र कुठल्याही कव्हरात घालता येणार नाही.

लोभ असावा असं म्हणायचा हक्क उरला असेल तर तसं समज.

तुझी,
ताई

---

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईंस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. डाग आमटीचा नव्हता, शाईचा होता, आणि तो निघाला नव्हता. तुम्ही शर्टाची ती बाजू आत वळवून शिवली होती.

अहवाल मी त्याच संध्याकाळी दिला, तुमच्या पत्राच्या पाच दिवस आधी. त्यामुळे तुमची वकिली वाया गेली. निष्काळजीपणा लिहिला आहे. दोन कारणं दिली. एक, लबाड माणूस खूण अशी करतो की ती त्यालाच दिसावी. ही तर शेजारच्या टेबलावरून दिसत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरं कारण असं, की त्या बारांत अकरा पत्ते हुकमी होते. बारावं एक कासव होतं. त्या कासवाने आजवर एकही डाव जिंकून दिलेला नाही; गठ्ठ्यात ते नुसती जागा अडवतं. मीच ते त्याला दिलं होतं, आम्ही खेळायला लागलो त्या वर्षी. कासव ओळखण्यासाठी कुणी लबाडी करत नाही, एवढंच मी समितीला लिहिलं. ते त्याने चिठ्ठीत फुली मारून का ठेवलं, ते लिहायला अहवालात रकाना नव्हता.

निकाल लागेपर्यंत त्याला हे कळवू नका. त्याच्या मनात काही बोलायचं असेल, तर ते निकालाच्या नंतरचं असू दे. नाहीतर मलाच त्यावर विश्वास बसायचा नाही, आणि माझा स्वभाव आता पंचाचा झाला आहे.

तुमचा लोभ आत वळवून शिवून ठेवला होता, तो तसाच आहे.

आपला,
लंबू

---

ता. ३ मार्च

ती. ताईस,

सा. न. निकाल लागला. फेरी बाद, हेतू स्वच्छ. नाव शाबूत.

सभागृहात दुसऱ्या एका स्पर्धेची गर्दी होती. फळ्यासमोरून मी थेट ध्वनिक्षेपकापाशी गेलो. लंबू अडवायला निघाला होता, पण मी आधी पोचलो. म्हटलं, चौदा वर्षांपूर्वी याच जागी मी या माणसाला लबाड म्हणालो, ते खोटं होतं, मला हरणं सोसलं नव्हतं, मी माफी मागतो. एवढंच पाठ केलं होतं. बोलून झाल्यावर डोळे मिटूनच उभा राहिलो.

ताई, कुणाला काही कळलंच नाही. अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं बक्षीस जाहीर झालं. नर्सबाईने हळूच विचारलं, तुम्ही कुणाबद्दल बोललात? ज्या लोकांना तोंड दाखवायची मला इतकी वर्षं लाज वाटली, त्यांतलं तिथे एकही माणूस उरलेलं नाही. ते सगळं प्रकरण आता जगात फक्त दोघांना आठवतं. तू धरून तिघांना.

नंतर लंबूने खुर्च्या रचायला घेतल्या. मी दुसऱ्या टोकाने घेतल्या. बरंच काही बोललो, गुडघ्यांबद्दल, चष्म्याच्या नंबराबद्दल. मी विचारलं, तुझी आई कशी आहे. तो म्हणाला, तिला जाऊन सहा वर्षं झाली. खुर्ची हातात तशीच राहिली माझ्या. मला कुणी कळवलं नाही असं म्हणणार होतो. कोण कळवणार होतं?

येत्या रविवारी त्याने घरी बोलावलंय. सहा वर्षं उशिरा जाऊन काय बोलतात, ते कळव. टोमणे या वेळी नकोत.

तुझा,
धाकटा

---

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

काही बोलू नकोस. चपला बाहेर काढ, आत जा, आणि तो म्हणेल तिथे बस. तो बोलायला लागला तर मधे तोडू नकोस. उठायची घाई करू नकोस.

तुझी,
ताई