डिशच्या पाइपाला करंट

३ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा लागला! गच्चीवरची कपड्यांची तार डिशच्या पाइपाला बांधली आहे. ओली चादर टाकायला गेले आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. परवा वाटलं, हात अवघडला असेल. आज शंकाच नाही — करंट.

उन्मेषला सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "पावसाळ्यात थोडं लागतंच गं." थोडं! दुसऱ्याला लागतं ते नेहमी थोडंच असतं.

डिश घरमालकांची. त्यांच्या मुलानं, धैर्यशीलनं, स्वतःच बसवली. एक वायर खाली त्यांच्या टीव्हीला, एक आमच्या. माहितीतला माणूस बोलावला असता तर काय बिघडलं असतं?

५ ऑगस्ट

धैर्यशीलला जिन्यात गाठलं. हसला. "वैनी, डिशला कुठनं लाईट येतीया? नुसता पत्रा हाय की त्यो!"

हसला का पण?

८ ऑगस्ट, शुक्रवार

ऑफिसमधून येताना टेस्टर आणला. रबरी चप्पल घालून वर गेले, पाइपाला टेकवला. दिवा पेटला — चांगला लालभडक!

उन्मेषला ओढत वर नेऊन दाखवलं. "टेस्टरच भंगार असेल," म्हणाला. ह्या माणसाला काय सांगायचं!

मोनाला गच्ची बंद. चार वर्षांची पोर, दाराशी बसून रडली. रडू दे.

१० ऑगस्ट, रविवार

आक्का — धैर्यशीलच्या आई — आज आपणहून म्हणाल्या, "भैरवी, वर कापडं नगं घालूस बाई. अंगणात घाल." मी विचारलं, का हो आक्का? "वल्लं असतंय. पाय घसरंल." बोलताना माझ्याकडे बघेनात. म्हणजे बाईंना माहीत आहे!

मग मुद्दाम लक्ष ठेवलं. त्या स्वतः वर जातात तेव्हा पायात रबरी चप्पल. तारेवरचं लुगडं काठीनं खाली ओढतात. घसरायची भीती असलेलं माणूस काठीनं कपडे काढतं?

११ ऑगस्ट

धैर्यशीलचं लग्न ठरलं. आक्का पेढे घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, "पोराला वरचा मजला लागंल की आता."

असं आहे होय! करार संपायला अजून अवकाश आहे, तोंडानं 'जा' म्हणता येत नाही, म्हणून हा रस्ता. उन्मेष चिडला. "डोकं फिरलंय तुझं. शॉक देऊन कुणी भाडेकरू काढतं का?"

मग पाइपात करंट येतो कुठून? त्यावर पुन्हा मोबाइलमध्ये डोकं.

१३ ऑगस्ट

आमच्या मीटरच्या पेटीपाशी धैर्यशील वाकून उभा. मला बघून झाकण लावलं.

"काय करताय?"

"काय न्हाय. बघत हुतो."

आमच्या मीटरमध्ये ह्याला काय बघायचंय? रात्री झोप नाही. कळंब्यातच, पण दुसरीकडे घर बघायला हवं.

१८ ऑगस्ट, सोमवार



दुपारी ऑफिसात शेजाऱ्यांचा फोन. आक्कांना शॉक लागला. पाऊस कोसळला म्हणून अनवाणीच वर पळाल्या — आमचे कपडे काढायला! मी नको नको म्हणत असताना उन्मेषनं सकाळी तारेवर टाकले होते. आक्कांचा हात तारेलाच चिकटला. धैर्यशीलनं कोरड्या बांबूनं तार सोडवली म्हणून वाचल्या. तळहात भाजलाय, डोक्याला टाके. बोलतात, पण तुटक तुटक.

दवाखान्याच्या दारात धैर्यशील दिसला आणि माझा ताबा सुटला. सगळ्यांदेखत ओरडले, "आम्हाला हुसकायला सोडला होतास ना करंट? बघ, कुणाला लागला!" त्याचे मामा अंगावर आले, "ओ बाई, तोंड सांभाळा!" मी नाही सांभाळलं. उन्मेष दंड धरून ओढत होता.

धैर्यशील मात्र पाठ फिरवून आत आईकडे गेला. चोराला बोलायला तोंड कुठलं!

१९ ऑगस्ट

सकाळी तो दारात. डोळे तांबारलेले. "टेस्टर घ्या वैनी. तुमीच लावा. आमचा मेन स्विच मी पाडून आलोय."

वर गेलो. पाइपाला टेकवला. पेटला.

"आता तुमचा पाडा."

उन्मेष खाली गेला. खट् आवाज आला.

टेस्टर विझला.

आमच्याच घरातला करंट आमच्या टीव्हीच्या वायरीतून वर डिशला चढत होता. "आईला वाटायचं, माझंच काम चुकलंय, म्हणून झाकत हुती," धैर्यशील म्हणाला आणि तिचा चहा घेऊन दवाखान्यात गेला.