स्वराच्या मंडळाचा तीन-चौदा आणि माझा भागाकार

सलवा, कुवेत
१८ मार्च २००७

तीर्थस्वरूप नर्मदाताईस धाकट्या शत्रुघ्नचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना तेल लावतेस ना? आम्ही इथे खुशाल (तुझी भावजय विनिता माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत ठणठणीत). माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही.

त्याचं असं झालं. आपली स्वरा अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या एका मंडळात आहे. सोरोरिटी म्हणतात त्याला, आणि मुलांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून चौदा मार्च म्हणजे तीन-चौदा, म्हणजे भूमितीतल्या पायचा सण! (सणाला सोनं घेत नाहीत, एवढंच बरं.) दोन्ही मंडळांनी स्पर्धा ठेवली. पालकांनी फोनवरून पायचे आकडे म्हणायचे. जो आधी चुकेल, त्याच्या पोराच्या तोंडावर क्रीमची थाळी. स्वराने छातीठोक सांगितलं, माझे बाबा गणितातले वाघ आहेत.

बाकीच्यांनी महिनाभर पाठांतर केलं. मी म्हटलं, हॅ, पाठ कशाला? बावीस भागिले सात! सातवीच्या वर्गात तूच शिकवलंस की. तोंडी भागत राहिलो तर जन्मभर पुरेल. बुधवारी संध्याकाळी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या यूसुफला (इजिप्तचा, सज्जन माणूस) मुद्दाम घरी बोलावलं, चिवडा ठेवला, फोनचा स्पीकर लावला. तिकडे दोनशे पोरं. मी सुरू: तीन पॉइंट एक चार दोन... ताई, तिसऱ्याच घराला घसरलो! तिथे एक हवा होता. तिकडे एकच गिल्ला झाला, मला वाटलं कौतुक. यूसुफ दोन्ही हात हलवत होता, मला वाटलं ताल धरतोय. शेवटी विनिताने वायर उपटली, तोवर माझे तेच सहा आकडे अकरा वेळा फिरून आले होते.

आणि तेवढा वेळ पोरगी तोंडभर क्रीम घेऊन उभी होती गं. चार दिवस फोन उचलत नाही. ई-मेलवर एकच ओळ आली: ‘बाबा, आय टोल्ड एव्हरीवन.’ चिडून बोलली असती तर परवडलं असतं. महिनाभरात शंभर आकडे पाठ केले असते तर माझं काय बिघडत होतं? अतिशहाणपणा नडला, दुसरं काय. फार वाईट वाटतंय.

भावजींना नमस्कार.

तुझा,
शत्रुघ्न

ता. क. मुख्य काम राहिलंच. आत्याचा फोन ती नक्की घेईल. तिला सांग, बाबाची चूक नाही, मीच त्याला चुकीचं शिकवलं. तुझ्यावर कोण रागावणार?

पुन्हा ता. क. तू फळ्यावर ‘सुमारे बावीस सप्तमांश’ लिहिलं होतंस, हे मला पक्कं आठवतंय. ‘सुमारे’ वहीत उतरवायचा कंटाळा मीच केला. तेवढं तिला सांगू नकोस. नाहीतर सांग. काय वाटेल ते सांग, पण तिला माझा फोन उचलायला लाव.