देवाला लोखंड लागू नये म्हणून चार बोटे उंच केलेल्या जीपबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
डोंगरी विभाग वाहन तपासणी कक्ष,
मुक्काम जव्हार, जि. पालघर.

अर्जदार : तुळशीदास ढवळू वारघडे,
राहणार उंबरदरा पाडा, पोशेरा, ता. मोखाडा.

विषय : आपल्या आवारात अडकवून ठेवलेली माझी जीप माझ्या सुनेच्या बाळंतपणाआधी सोडण्याबाबत.

संदर्भ : १) 'गाडीच्या मूळ रचनेत अनधिकृत बदल' हा आपल्या कक्षाचा शेरा.
२) माझे याआधीचे अर्ज, जे आपल्याकडे पोचले आहेत परंतु वाचले गेलेले नाहीत.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला उंबरदरा पाड्यावर राहतो आणि तिथली माणसे, भाताची पोती व आजारी मंडळी स्वतःच्या जीपने खाली आणण्याचा धंदा करतो. माझी सून जयवंती हिचा नववा महिना सरत आला आहे. मूल पोटात आडवे आहे. बाळंतपण जव्हारच्या रुग्णालयातच व्हावे, तिला पायी अजिबात चालवू नये, गाडीतून हळूहळू आणावे, असे उपकेंद्राच्या नर्स प्रतिभाताई यांनी बजावले आहे. रुग्णवाहिका खालच्या फाट्यापर्यंत येते. तिथून वर माझ्या जीपशिवाय काही चढत नाही, आणि माझी जीप आपल्या ताब्यात आहे. समजणाऱ्याला एवढे पुरे होते. आपल्या कक्षात एवढ्यावर कोणाला काही समजत नाही असा अनुभव असल्याने पुढे सविस्तर लिहितो.

२. रस्त्याविषयी. फाट्यावर फलक आहे आणि वरचा रस्ता डांबरी असल्याचे त्यावर लिहिले आहे. फलकाचे काम मजबूत झाले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. डांबर मात्र पहिल्याच पावसात ओढ्याने खाली आले आणि वर दगड राहिले. माझ्या जीपच्या पोटाखाली गिअरबॉक्सचा जो लोखंडी गोळा लोंबतो, तो त्या दगडांना घासत असे. दगडांचे आम्ही चालवून घेत होतो, कारण दगड बोलत नाहीत.

३. परंतु पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा दगड आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधोमध देव. रस्ता आखणाऱ्यांनी हे पाहिले नाही, कारण त्यांनी रस्ता मोखाड्यात बसून आखला. त्यामुळे देवाच्या दोन बाजूंना चाके टाकून गाडी वरून न्यावी लागते. मागच्या हंगामात पोती भरलेली असताना तो गोळा देवाला लागला व देवाचा शेंदूर गोळ्याला आला. त्याच महिन्यात पाड्यावरची गुरे दगावली आणि जो तो माझ्याकडे बोट दाखवू लागला. तेव्हा चंद्रा भगताने तांदळाचे दाणे टाकून पाहिले. गाडी वरून गेली तर देवाची हरकत नाही, लोखंड लागता कामा नये, देव आणि लोखंड यांच्यामध्ये आडवी चार बोटे मोकळी राहिली पाहिजेत, असा कौल निघाला. बोटे भगताची धरायची. त्याची बोटे जाड आहेत. ही माझी अडचण मी निस्तरली, आपल्या दारात आणली नाही.

४. गाडी उंच करण्याचा तयार संच शहरात मिळतो. त्याची किंमत ऐकल्यावर, मी गाडी विकत मागत नसून फक्त तिची उंची मागतो आहे, असे दुकानदाराला सांगावे लागले. मग पोश्या मिस्तरी व मी मिळून काम घरीच केले. पहिल्या खेपेला पाट्यांखाली, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पानांच्या थप्प्यांखाली, ऐनाच्या लाकडाचे ठोकळे घातले. ही अक्कल पोश्याची. ठोकळे चिरले आणि गाडी भर बाजारात लंगड्या बैलासारखी उभी राहिली. लोक हसले, त्यांचे बरोबरच होते. दुसऱ्या खेपेला भंगारातून जुन्या टेम्पोचे पाटे आणले, त्यातली न चिरलेली पाने निवडली, लोहाराकडून भट्टीत तापवून त्यांना बाक दिला आणि आमच्या प्रत्येक पाट्यात एकेक पान वाढवले. पाटा आवळणारे यू-बोल्ट लांबीचे टाकले, धक्के झेलणारे शॉकप खाली उतरवून बसवले, ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून तीही लांब घातली. पोती भरून गाडी फिरवली व सगळे बोल्ट पुन्हा आवळले. जो खर्च आला त्यात त्या तयार संचाचे खोकेही आले नसते. गाडी आता जरा कडक बसते अशी माझ्या वडिलांची तक्रार आहे, पण ते घरच्या गोधडीबद्दलही तक्रार करतात. भगताने देवापाशी ओणवे होऊन गोळ्याखाली हात आडवा धरला. बोटे भरली.

५. इथपर्यंत सर्व ठीक होते. चूक पुढे झाली आणि ती माझी आहे. गाड्या वाटेल तेवढ्या उंच करून गप्प बसणारे शहाणे सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहायला येतात. त्यांच्या गाडीला ट्रॅक्टरची चाके आणि मांडवातले दिवे असतात. आपले लोक त्यांना हात हलवून पुढे सोडतात. मी मात्र स्वतःहून गाडी घेऊन आपल्या कक्षात हजर झालो आणि बदलाची नोंद करून घ्या म्हणालो. आपल्या छापील कागदावर 'बदलाचे कारण' असे होते. मी लिहिले : देवाला लोखंड लागू नये म्हणून. त्याखाली 'मान्यता देणारे सक्षम प्राधिकारी' असे होते. मी लिहिले : चंद्रा भगत, उंबरदरा. आमच्याकडे मान्यता त्याचीच लागते, त्यामुळे दुसरे नाव मला सुचले नाही. आपले निरीक्षक धर्मेंद्र साहेब यांनी तो कागद मोठ्याने वाचला आणि टेबलाटेबलावर फिरवला. लोक पोट धरून हसले. मग गाडीची किल्ली काढून घेतली. गाडी कशाला उचलता, देव बाजूला सरकवा, असा सल्लाही मिळाला. धर्मेंद्र साहेबांना मी पंख्याखालच्या खुर्चीवरून सरकताना पाहिलेले नाही, त्यामुळे सरकवण्याच्या कामातला त्यांचा अनुभव किती हे मला माहीत नाही.

६. नंतर असे सांगण्यात आले की, मूळ कंपनीचे ना-हरकत पत्र आणावे. ती कंपनी माझ्या मुलाच्या लग्नाआधीच बुडाली. हे लेखी कळवले असता, कंपनी बुडाल्याबद्दल कंपनीचेच पत्र आणावे असा शेरा आला. हा शेरा ज्यांनी लिहिला त्यांचे शिक्षण कुठपर्यंत झाले, हे कळवल्यास नातवाला त्या शाळेत घालणार नाही.

७. माझ्या दुसऱ्या अर्जावर धर्मेंद्र साहेब स्थळपाहणीस आले, हे मान्य केले पाहिजे. त्यांची सरकारी मोटार पहिल्याच ओढ्यात पोटावर बसली. भात कापणारी माणसे विळे ठेवून धावली, मोटार हातांनी उचलली आणि फाट्याकडे तोंड करून ठेवली. माझे वडील ढवळू बांधावरून पाहत होते. ते म्हणाले, "सायबाची गाडी पोटावर चालं, आपली पायांवर." साहेबांनी आमच्या बांधावरच चहा घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला आणि तिथेच बसून लिहिले की रस्ता सुस्थितीत असून मूळ उंचीच्या वाहनास योग्य आहे. लिहिताना त्यांच्या बुटांतून पाणी गळत होते. माणूस खोटे लिहितो तेव्हा निदान पाय तरी पुसतो असा माझा समज होता.

८. आता नवीन प्रकार. शासनाच्याच दुसऱ्या एका कार्यालयाकडून मला आदेश आला आहे. निवडणुकीचे साहित्य व कर्मचारी उंबरदऱ्यास पोचवण्यासाठी माझी जीप अधिग्रहित केली आहे, 'कारण सदर मार्गावर अन्य कोणतेही वाहन जात नाही'. नंबर माझाच, गाडी तीच. सुस्थितीत हजर न केल्यास माझ्यावर गुन्हा दाखल होईल. म्हणजे एका टेबलाने गाडी चालवायला नालायक ठरवली आणि दुसऱ्या टेबलाने तिच्यावाचून मतदान अडते असे लिहिले. मी तो आदेश घेऊन आपल्याकडे आलो, तर जीप आवारात जांभळाखाली उभी होती आणि आपले शिपाई तिच्यात बसून डबा खात होते. उंच असल्याने वारा चांगला लागतो, असे त्यांनी मला सांगितले.

९. आपल्या लिपिक मंजुषा मॅडम यांनी कळवले की, दोन्ही कार्यालयांचा पत्रव्यवहार पूर्ण झाल्यावर, म्हणजे निवडणुकीनंतर, निर्णय होईल. त्यांच्याशी भांडण नाही, त्यांनी निदान मान वर करून सांगितले. परंतु जयवंतीचे दिवस निवडणुकीच्या आधी भरतात आणि मुलाला आचारसंहिता लागू नाही. आत्ताच तिला खाली आणून ठेवा असेही त्या म्हणाल्या. कशातून आणू, यावर त्यांनी मान पुन्हा खाली घातली. प्रतिभाताई काल वर चढून आल्या होत्या. मूल अजून वळलेले नाही. माझा मुलगा घराच्या खांबाला पाठ लावून बसून आहे. मला आपल्या कक्षाची किळस आली आहे हे लेखी नोंदवतो. भीती मात्र आपली वाटत नाही, त्या पोरीची वाटते.

१०. सबब विनंती की, दंड लावायचा तो लावा, पाट्यांतली वाढवलेली पाने काढायला लावायची ती बाळंतपणानंतर लावा, मी स्वतः आपल्यासमोर पाना धरून काढीन. फक्त गाडी आज सोडावी. सोडत नसाल, तर ज्या दिवशी कळा सुरू होतील त्या दिवशी आम्ही जयवंतीला घोंगडीच्या झोळीत घालू, झोळी बांबूला टांगू आणि चौघे जण खांद्यावरून तिला फाट्यापर्यंत आणू. झोळीचे बूड जमिनीपासून किती उंच असावे, याचा नियम आपल्याकडे असेलच. तेवढा तरी वेळेवर कळवावा, म्हणजे वाटेत कोणी अडवून तिला खाली ठेवायला लावणार नाही.

उंची सोडून बाकी सर्व बाबतींत आपला नम्र,

(सही)
तुळशीदास ढवळू वारघडे
उंबरदरा पाडा, पोशेरा
दि. ८ नोव्हेंबर २०२४