पंप सोडलेल्या बायका

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं बोलणं ऐकतच नाहीस, माझा श्वास ऐकत बसतेस. कागदावर मला धाप लागत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मध्ये बोलू नकोस.

पहिली बातमी चांगली आहे. मला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. लेकीला सांगितलं तर तिने कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि आपल्याला भाऊ-बहीण काहीही नको असं जाहीर केलं. पुढचं आमचं काही ऐकायचंच नाही. अगदी तुझ्यावर गेली आहे.

दुसरी बातमी तुला आवडणार नाही. मी दम्याचा रोजचा पंप बंद केला आहे. सासूबाईंनी पेपरातलं कात्रण आणून माझ्यापुढे ठेवलं. गरोदरपणी रोज पंप घेणाऱ्या बायकांची मुलं दिवस भरायच्या आत जन्मतात, न घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट, असं त्यात आहे. खाली तुझ्या संस्थेचं नाव, तुझ्या सरांचं नाव. लेकीच्या वेळी मी रोज पंप घेत होते. ती सातव्या महिन्यात आली आणि तिचे कान अधू राहिले. ताई, ते मी केलं का?

आमच्या डॉक्टरीणबाई पंप चालू ठेवा म्हणतात, पण त्या कात्रणापुढे त्यांचं घरात कुणी ऐकत नाही. मीही नाही.

लोभ असू दे. राग आला तरी असू दे.
तुझी शिट्टी


दि. १७ फेब्रुवारी

चि. शिट्टीस,
अ. उ. आ. आशीर्वाद उत्तम आहेत, राग त्याहून उत्तम आहे.

आधी पंप सुरू कर, मग पुढचं वाच. लहानपणी तुझ्या छातीतली शिट्टी ऐकत मी शेजारी झोपले आहे. नाव गमतीने ठेवलं होतं, भीती खरी होती.

तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतेस. चष्मा लागला आणि डोळे आणखीच बिघडले, असं म्हणणारं गिऱ्हाईक तुला रोज भेटत असेल. जाड भिंगवाल्यांना कमी दिसतं हे खरंच आहे. पण भिंगामुळे दिसेनासं झालेलं नसतं, दिसत नव्हतं म्हणून भिंग आलेलं असतं. सरांनी त्या गिऱ्हाइकासारखंच केलं आहे. रोज पंप घेणाऱ्या म्हणजे दमा जोरात असलेल्या बायका. न घेणाऱ्यांत बहुतेकींना दमाच नाही, नाहीतर नावापुरता. मग मूल लवकर आलं ते पंपामुळे की दम्यामुळे, हे अशा तुलनेतून कळणारच नाही.

मला तुलना हवी आहे ती सारख्याच दम्याच्या बायकांची. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्या पंप घेत होत्या. पुढे काहींनी सोडला, काहींनी चालू ठेवला. त्या घटकेपासून दोन्ही गटांचं काय झालं ते बघायचं. दवाखान्यांच्या नोंदी आमच्याकडे आहेतच. असं मांडून बघते म्हटल्यावर सर हसले, आणि छापून आलेल्या कामाला हात लावायचा नसतो म्हणाले. मी लावणार आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तू काहीही केलं नाहीस.

तब्येतीला जप, आणि मला शिव्या द्यायच्या तर पोटभर दे.
तुझी ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. आणि एक भांडण.

तू काहीही केलं नाहीस, ही ओळ कुठून आणलीस? पानभर सांगतेस की त्या आकड्यांतून कळणारच नाही, आणि पानाच्या तळाशी तुला कळलं? ती ओळ माझ्या बहिणीने लिहिली आहे. मला बहिणीचं मत नको आहे. नोंदी घेऊन बसणाऱ्या त्या हट्टी बाईचं हवं आहे, सरांशी भांडते तिचं. उत्तर वाईट निघालं तरी लिहायचं. लेकीसाठी विचारत नाही. ती आहे तशी भरपूर आहे, आमचे ओठ वाचून गुपितं फोडते. मला पुढच्या जिवाचं ठरवायचं आहे.

काल दुकानाच्या पायऱ्या चढले आणि काउंटरपाशी खालीच बसले. ओठ निळे पडले म्हणे. मालकांनी खुर्ची आणली, गिऱ्हाइकाने पाणी आणलं, हवा काही कुणाला आणता येईना. डॉक्टरीणबाईंकडे नेऊन वाफ दिली तेव्हा उतरलं. घरी येऊन रोजचा पंप मागितला, तर सासूबाईंनी तो कपाटात बंद करून ठेवलेला. त्यांचाही तुझ्यावर राग आहे. त्या वेगळं लिहिणार आहेत.

तेव्हा घाई कर, पण घाईत चुकू नकोस.
तुझी शिट्टी


दि. १ मार्च

सूनबाईंच्या वडील भगिनीस,
स. न. वि. वि.

हे पत्र पेटीत टाकायला सूनबाईंच्याच हाती देत आहे. चोरून लिहायची मला सवय नाही.

पंप कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. मात्र नात सातव्या महिन्यात आली तेव्हा त्या काचेच्या पेटीबाहेर स्टूल टाकून मी बसले होते. तुम्ही नव्हता, तुमची परीक्षा होती. तिच्या छातीचा भाता हलतो का, हे बघत मी दिवस काढले आहेत. पुन्हा काढायची माझी तयारी नाही.

तुमच्या सरांचं छापून आलं, तुमचं काही छापून आलेलं नाही. डॉक्टरीणबाई त्यांच्या अनुभवाचं सांगतात, तुम्ही चष्म्याचं सांगता. मला बायकांचं सांगा. जे सांगाल त्याखाली सही करा, मग किल्लीचा विचार करू. तोवर मला कुणी शिकवू नये.

राग मानू नये. मानलात तरी उत्तर पाठवावं.
सूनबाईंच्या सासूबाई


दि. २० मार्च

चि. शिट्टीस अ. उ. आ. आणि ती. आईंस शि. सा. न.
दोघींनी शेजारी बसून वाचावं.

शिट्टी, ती ओळ मी मागे घेते. तुझं बरोबर होतं.

आई, तुम्ही बायकांचं विचारलंत. सारखा दमा, सारखं वय, आधीचं मूल लवकर झालं असेल तर तेही सारखं, अशा बायका निवडून मांडल्या. पंप सोडलेल्या बायकांना दम्यासाठी दवाखान्यात कितीतरी जास्त वेळा भरती व्हावं लागलं. त्यांची मुलं लवकर जन्मण्याचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं, थोडं जास्तच होतं. सरांचं ते दुप्पट कुठेच उरलं नाही.

आता मला जे माहीत नाही ते. पंप कुणी सोडायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. सोडणाऱ्यांच्या घरी धूर जास्त असेल, कामाचे हाल जास्त असतील. नोंदींत ते नाही. हा न दिसणारा फरक केवढा असला तर माझं उत्तर फिरेल, तेही काढून पाहिलं. खूपच मोठा लागेल. असूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आणि आपल्या लेकीचे कान कशाने अधू झाले, हे एकट्या तिच्याबद्दल कुठलेच आकडे सांगू शकत नाहीत. माझेही नाहीत.

सर मला म्हणाले, हे डॉक्टरांच्या बैठकीत वाचू नकोस, वाचलंस तर या विभागात तुझं टेबल राहणार नाही. काल वाचलं. सर पहिल्याच रांगेत होते. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी उठून विचारलं, की घरच्या बाईला तुम्ही काय सांगाल. मी म्हटलं, सांगून झालंय, आणि तिने, माझ्या धाकट्या बहिणीने, पुरावा मागितला म्हणूनच इथे उभी आहे. हे नातं सगळ्यांना ठाऊक असावं, म्हणजे माझं काम दुप्पट संशयाने तपासता येईल. डॉक्टरीणबाईंसारख्या दोघी-तिघींनी तिथल्या तिथे प्रत मागून घेतली. आज माझं टेबल जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या शेजारी आलं आहे. उकडतं. बाकी बसायला जागा चांगली आहे.

आई, छापून यायला वेळ लागेल. सही खाली केली आहे. किल्ली द्या.

दोघींचा लोभ एकदमच मागते.
ताई


दि. २८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंनी तुझं पत्र वाचलं. मला माहीत नाही असं जिथे लिहिलंस, तो भाग पुन्हा वाचला. पेपरवाल्याने माहीत नाही असं कुठेच लिहिलं नव्हतं, एवढंच म्हणाल्या, आणि किल्ली कमरेलाच राहिली.

मी थांबले नाही. सगळे जेवायला बसले असताना कपाटापाशी उभी राहिले आणि हात पुढे केला. श्वास माझा आहे, तो कुणाच्या कमरेला राहणार नाही, असं म्हटलं. नणंदेने विचारलं की काही झालं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, मी, आणि तेव्हाही असंच सगळ्यांसमोर सांगेन. सासूबाईंनी उष्ट्या हाताने किल्ली सोडून दिली. मी तिथेच उभ्या उभ्या पंप ओढला. लेक टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं काहीतरी खेळ आहे.

जिन्याखाली पंखा लावून घे. मागून मिळाला नाही तर घरचा घेऊन जा.
तुझी शिट्टी


दि. १९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. आठव्या महिन्यातच. पेटीत ठेवली आहे, पण श्वास तिचा तीच घेते, आणि रडते तेव्हा परिचारिका दार लावून घेतात.

दारातच नणंद म्हणाली, घ्या, हे पंपाचे पराक्रम. सासूबाई स्टूल ओढून पेटीपाशी बसतच होत्या. वळून तिला म्हणाल्या, की थांबायचं असेल तर गप्प थांब, नाहीतर हा थर्मास धुऊन आण. ती थर्मास धुवायला गेली.

किल्ली मिळाल्यापासून मी पंप एकदाही चुकवला नाही. सगळा उन्हाळा जिने चढले, खाली बसायची वेळ आली नाही. तरी ही लवकर आली. आता तू रडशील आणि माझी समजूत काढायला चार पानं लिहिशील. लिहू नकोस. ती लवकर का आली हे मला माहीत नाही, तुला माहीत नाही, नणंदेला तर नाहीच नाही. एका बाईवरून ठरवायचं नसतं म्हणजे नसतं. ती एक बाई मी निघाले म्हणून पंप बंद होणार नाही. आज सकाळी सासूबाईंनीच तो पिशवीतून काढून माझ्या हातात दिला.

एक काम मात्र कर. तुझी मोजणी अजून चालू आहे ना? माझी नोंद तुला द्यावी, असं मी डॉक्टरीणबाईंना लिहून दिलं आहे. सुरुवातीचे ते काही आठवडे सोडले, तर पंप चालू होता आणि मूल लवकर आलं. तुझ्या विरुद्ध जाणारी बाजू असेल, तिथेच आम्हा दोघींना मोज. बहीण म्हणून वगळलंस, तर तुझ्यात आणि तुझ्या सरांत फरक काय राहिला?

आम्ही विरुद्ध बाजूला असूनही तुझं उत्तर उभं राहिलं, तर ते खरं. पडलं, तर तेही खरं, आणि तेही मला पहिल्यांदा तुझ्याकडूनच कळलं पाहिजे.

लोभ आहेच, त्याची मोजणी करत बसू नकोस.
तुझी शिट्टी