तळ्याकाठी लाल झेंडा

रवि. १२ जाने.
उत्तनच्या माळावर डिस्क गॉल्फचा महिन्याचा सामना, कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत टाकायची. मी खेळलो नाही. दिवाळीपासून फेक कुठेही जाते, म्हणून शाहभाईंनी झेंडा हातात देऊन तळ्याकाठी उभं केलं. सामने तेच भरवतात. डिस्क पाण्यात गेली की लाल झेंडा, बाकी काही नाही. पाण्यात म्हणजे हद्दीबाहेर, एक फेक दंड.
शेवटची टोपली. फिलोमिना आणि कुलकर्णी, दोघांतला एक गोव्याच्या स्पर्धेला जाणार. फि.ची फेक माझ्या डावीकडे गवतावर उतरताना दिसली. मग दिसेना. मग एकदम पाण्यावर तरंगताना. मी लाल झेंडा वर केला.
फि. लांबून धावत आली. म्हणाली, गवतावर थांबली होती. शाहभाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, "सरळ पाण्यात गेली."
दंड धरून ती एका फेकीने हरली. नाहीतर बरोबरी होती.
जेवण गेलं नाही. बायकोला, माधुरीला म्हटलं, ऊन लागलं.

सोम. १३
ड्रायव्हिंगची सकाळची बॅच. कुलकर्णींची बायको शिकायला येते, आज तिचा सहावा दिवस. जेसल पार्कच्या वळणावर तिने करकचून ब्रेक मारला. माझ्या बाजूने सायकलवाला अगदी चिकटून गेला. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो तो कशासाठी? पाय हललासुद्धा नाही. मला सायकल दिसलीच नव्हती.
ती म्हणाली, "सर, तुम्ही काही बोलला नाहीत."
मी म्हणालो, तुमची परीक्षा घेत होतो.
ती खूश झाली.

मंगळ. १४
संक्रांत. ग्रुपवर तिळगुळाचे फोटो आणि मध्येच फि.ने टाकलेला तिच्या डिस्कचा फोटो. कडेला दातांचे व्रण, चार, स्पष्ट.
तासाभराने शाहभाईंचा फोन. अमेरिकेतल्या भाच्याकडून नियम विचारून घेतलेला. डिस्क थांबल्यावर जनावराने उचलली तर जिथे थांबली होती तिथे परत ठेवायची, दंड नाही. "सावंत सर, आप तो वहीं खड़े थे. कुत्ता था क्या?"
मी म्हणालो, नहीं था.
दिसला नाही असं म्हणता आलं असतं. ते तरी खरं होतं.

बुध. १५
मा. भाजी आणायला गेली तेव्हा कॅलेंडरसमोर उभा राहिलो. एक डोळा झाकून, मग दुसरा. मधल्या तारखेकडे बघायचं, मान हलवायची नाही. डावीकडच्या रविवार-सोमवारच्या उभ्या रांगा नाहीत. पुसट म्हणावं तर तसंही नाही, तिथे काही आहे असं वाटतच नाही. दुसऱ्या डोळ्याने थोडं बरं.
वडिलांचं, आप्पांचं, शेवटी असंच झालं होतं. त्यांचं वय मात्र...
मा. परत आली. भिंतीजवळ काय करताय? म्हटलं, चतुर्थी बघतोय.
तीन बॅच घेतल्या. मान सारखी डावीकडे वळवून आता दुखतेय.

शुक्र. १७
दुपारी बसने उत्तनला. काय बोलायचं ते भाईंदरपासून मनात जुळवत गेलो, उतरल्यावर एक शब्द आठवेना.
फि. अंगणात बोंबील उलटत होती. नवरा बोटीवर. मला बघून खुर्ची दिली, हात धुवायला गेली. मी गोव्याबद्दल काहीतरी सुरू केलं. तिने आतूनच थांबवलं. म्हणाली, "गोव्याचा राग न्हाय. मी सांगत व्हते आनि तुमी माज्याकडं बगून खोटं बोललात, त्याचा हाय."
मी वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत बसलो. ती बाहेर आली असावी. बराच वेळ काही हालचाल नाही. मग आवाज अगदी जवळून, "सर, पानी."
ती माझ्या डाव्या हाताला ग्लास धरून उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.
मी वळून घेतला. ती उजवीकडे आली, खाली पायरीवर बसली. विचारलं, "कदीपासून?"
म्हटलं, दिवाळीपासून.
"ताईंना ठावं हाय?"
नाही म्हटलं.
"आनि लोकांना गाडी शिकवता."
निघताना वाळलेले बोंबील बांधून दिले. नको म्हणायला तोंड नव्हतं.

शनि. १८
शाहभाईंना फोन करून सांगितलं, डिस्क गवतावर उतरताना दिसली होती, पाण्यात जाताना नाही, अंदाजाने झेंडा वर केला. ते म्हणाले, उद्या सगळ्यांसमोर बोला.
डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवार अकरा. सोमवारी आठला बॅच आहे. कुलकर्णीबाई पहिल्यांदाच घोडबंदर रोडला गाडी काढणार. वरसाव्याचा तो ट्रक-टेम्पोंचा गोंधळ. रद्द करायची तर कारण काय सांगू?
फि.चा मेसेज, ताईंना सांगितलं का. उत्तर दिलं नाही.

रवि. १९
सगळे तळ्याकाठी जमले. शाहभाई म्हणाले, डिस्क गवतावर नेमकी कुठे थांबली ते सर दाखवतील, फि. तिथून फेकेल.
मी गवतात जाऊन उभा राहिलो. कुठेही बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, माझा शब्द शेवटचा होता. म्हणालो, "मला माहीत नाही. डाव्या बाजूचं मला दिसत नाही. त्या दिवशीही दिसलं नव्हतं."
मग कुलकर्णी, हळू आवाजात, "माझी बायको तुमच्या शेजारी बसून गाडी चालवते."
"हो."
"सोमवारी काय झालं होतं, सायकलचं?"
सांगितलं. ते आपली पिशवी उचलून गाडीकडे गेले. फि. त्यांच्यामागे गेली, काय बोलली कळलं नाही. दोघांनी शेवटची टोपली पुन्हा खेळायची असं शाहभाईंनी ठरवलं, पुढच्या रविवारी. कुलकर्णी येतील का, माहीत नाही.
घरी येऊन मा.ला सांगितलं. चिडली नाही. डाळीला फोडणी दिली आणि गॅससमोरच उभी राहिली. मग विचारलं, "मला शेवटी सांगितलंत?"

सोम. २०
मला ताप आहे असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना कळवलं. हे अजून नीट करायचंय.
मा. बरोबर आली. तपासणीला आत एकट्यालाच घेतात. हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यात बघायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. यंत्र प्रत्येक उजेडाला टिक् करतं. टिक् झालं, दिसलं काही नाही, तरी अंगठा दाबला गेला. परत टिक्, परत दाबलं. तपासणारी बाई म्हणाली, अंकल, दिखा तो ही दबाना.
त्यानंतर उजेड दिसेपर्यंत अंगठा उचलूनच धरला. खूप वेळ नुसतं टिक्, टिक्. मी बसून होतो.
रिपोर्ट गुरुवारी.