तांबडीचं अंडं शांताच्या अंगणात

मंगळवार, दिवेलागण

मी सांगून राहिली, सून लिहून राहिली. माझी तांबडी कोंबडी आजही धाकट्या जावेच्या, शांताच्या अंगणात गेली. अंडंही तिथंच घातलं. शांतानं दुकानातून वाळलेले किडे घातलेलं खाद्य आणलं. पोत्यावर कोंबडीचा फोटो, नवरीसारखा. कुंपणावरून म्हणते कशी, "बाई, तुमची तांबडी मलेच माय समजून राहिली!"

जीव जळला माझा. मी मडक्यात शेण न् कुटाराचा भुसा भरून उपडं ठेवते, उधई, म्हणजे वाळवी, लागली की कोंबड्यांपुढं झटकते. किडे ते किडेच, मग पोत्यातलेच काऊन गोड लागले? पण तांबडी गेली ना!

सुनेले म्हटलं, "उद्या तेच पोतं आणजो. मागच्या दारानं."

"काकूंनी पाह्यलं तर?"

"त्यातले किडे मडक्याखाली लपव. मी तिच्यादेखत झटकीन. उधईच समजू दे तिले."

सून लिहिता लिहिता हसून राहिली. हसू दे.

तांबडी आत्ताच आली. जेवण तिकडं, झोप इकडं, लाज नाई मेलीले. खुराड्यात हात घालून पाठ कुरवाळली, तर डोळेच मिटले. कानात सांगितलं, "उद्या अंडं इथंच घालजो. शांताचेच किडे येऊन राहिले."